कापलेल्या दोरीची बाज

मी एक जुनी बाज आहे. चार पाय बाभळीचे, वीण घायपाताच्या वाखाच्या दोरीची. मित्रांनो, आधीच सांगते, माझा स्वभाव काही गोड नाही. माझ्या मालकिणीनं, म्हणजे दहिवडीकडच्या एस्तेरबाईंनी, सगळ्यांना माफ केलं. मला ते अजून जमलेलं नाही.

एस्तेरबाई ख्रिस्ती, पेशानं सुईण. कुणी आजारी पडलं की माझी डोली करून चौघांच्या खांद्यावर दवाखान्यात पाठवायच्या. शेजारच्या नाथाजीला ते डोळ्यांत खुपे. औषधाच्या आडून ही बाई माणसं बाटवते, असं तो गावभर सांगे. तिच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकी. बाहत्तरच्या दुष्काळात गावकुसाबाहेरच्या हरणाबाईला माझ्यावर घालून त्याच्या दारावरून नेलं, तेव्हा तर त्याचं डोकंच फिरलं. विळा घेऊन आला आणि माझी सगळी दोरी सपासप कापली.

"आता न्ये, कुनाला न्यायचं त्याला!"

मी भिंतीला उभी, नुसता सांगाडा. एस्तेरबाई दिवसभर खडी फोडायच्या कामावर. नवी दोरी वळणार कधी?

महिना सरला नाही तोच नाथाजीची बायको शालूबाई बाळंतपणात अडली. बैल दुष्काळी चारा-छावणीत, त्यामुळं गाडी जुंपायची सोय नाही. नाथाजी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"बाज द्या," कसाबसा म्हणाला.

त्याचं पडलेलं तोंड बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

एस्तेरबाई विहिरीवर गेल्या. पाणी शेंदायचा एकुलता एक दोर सोडून आणला आणि मला विणायला बसल्या.

"आवं, पानी कशानं वडाल? आन् म्या येवढं केलं, तरी..."

"परभूनं शेजाऱ्यावर माया कर सांगितलंय. शेजारी गोड आसंल तरच कर, आसं न्हाई सांगितलं. धर हिकडनं, ताण जरा."

नाथाजी, त्याचा भाऊ अर्जुना आणि चुलता भाऊसो, तिघं झाले. बाटलेल्या बाजेला हात लावायला चौथा कुणी येईना. चौथा पाय एस्तेरबाईंनी खांद्यावर घेतला. शालूबाई वाचली, लेकरूही वाचलं.

नाथाजीनं मला परत आणलं ते गोमूत्र शिंपडून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. एस्तेरबाई मात्र हसल्या. "धुतलीस ते बरं केलंस. लय मळली हुती."

नाथाजीची मान खाली गेली. तिथंच बसून त्यानं माझ्यातला विहिरीचा दोर उसवून परत दिला आणि सोबत आणलेल्या वाखानं मला विणलं. आभाराचा एक शब्द काढला नाही.

आता एस्तेरबाई नाहीत. मी नाथाजीच्याच पडवीत असते, आणि माझा राग गेलेला नाही. पण कुणी अडलं की तोच मला बाहेर काढतो. खांदा देतो तो चौथ्या पायाला, जिथं त्या दिवशी एस्तेरबाई होत्या तिथं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझी दोरी तेवढी ताठ ठेवा. शेजारी कधी अडेल सांगता येत नाही, आणि तो आपल्या आवडीचा असेलच असं नाही.