मीनाच्या साड्यांची गोधडी

बाळीने डोक्यावरची मोळी ओटीसमोर टाकली, आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं आणि बांधलेला वेल सोडून लाकडांच्या पोटातून एक गाठोडं ओढून काढलं.

"आत चल गो," ती म्हणाली. "हितं नको."

गीताबाईने हातातली सुई कापडात खोचली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. टोकावड्याच्या ढाब्यांवर लाकूड द्यायला बाळी आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या पाड्यातून उतरायची आणि वाटेत गीताबाईच्या ओटीवर टेकायची. चहा व्हायचा, गोधडीच्या एका टोकाला गीताबाई आणि दुसऱ्या टोकाला बाळी असे चार टाके व्हायचे. पण आत चल, असं ती कधी म्हणाली नव्हती.

आत बुद्धाच्या तसबिरीखाली बाळीने गाठोडं सोडलं. तीन साड्या आणि दोन पोलकी. सगळ्यात वर एक पिवळी साडी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली.

गीताबाईने त्या साडीला हात लावला आणि मागे घेतला.

"मीनाचं?"

बाळीने मान हलवली.

मीना म्हणजे बाळीची एकुलती एक लेक. गेल्या आषाढात पहिल्या बाळंतपणाला उंबरमाळीहून माहेरी आली होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी ताप भरला. ओढ्याला पूर होता, मुरबाडला न्यायची सोय नव्हती. पाणी उतरल्यावर झोळी करून तिला खाली आणलं, तोवर उशीर झाला होता. बाराव्या दिवशी सासरा आला, लखमा. तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. अंगणात उभं राहून म्हणाला, "माझी सून तुमी घरात ठेवून मारली. आता आमच्या दारात पाय ठेवायचा नाय." आणि पोराला घेऊन गेला. त्याला आता सहा महिने झाले होते. पोराचं नाव काय ठेवलं, तेही बाळीला ठाऊक नव्हतं.

"हे कपडे तू पाण्यात सोडलेस ना? सगळ्यांसमोर?" गीताबाईने विचारलं.

"एक साडी सोडली. बाकी कणगीमागं लपवली. धन्याला पन ठावं नाय."

बाळीच्या पाड्यात तशी रीतच होती. ओली बाळंतीण गेली की तिचं कापड घरात ठेवायचं नाही. तिचा जीव त्यात राहतो आणि पोराला ओढून नेतो, असं म्हणायचे.

"पोराला गोधडी शिव," बाळी म्हणाली. "थंडी किती पडलीय. त्याला आईचं कायतरी अंगावर असूं दे."

"आणि नेनार कोन?"

"तूच. तुला ते वळखत नाय. सांग, मुरबाडची हाय, लहान पोरांना गोधड्या वाटते. कापड बाजारातलं हाय म्हून सांग."

साडीची घडी गीताबाईने उलगडली, पुन्हा घातली.

"शिवते," ती म्हणाली. "नेते पन. पन कोनी विचारलं कापड कोनाचं, तं मी खोटं नाय सांगायची."

"एवढंसं तं खोटं."

"एवढंसं पन नाय."

ही गीताबाईची अडून बसण्याची जागा होती, आणि ती सगळ्या आळीला माहीत होती. रोज सकाळी सून पौर्णिमेबरोबर ती तसबिरीपुढे बसून पंचशील घ्यायची. चार शीलं ती एका सुरात म्हणे. खोटं न बोलण्याचं 'मुसावादा वेरमणी' आलं की आवाज चढायचा. तिचा नवरा केरू छातीतल्या कळेला वर्षभर पित्त म्हणत राहिला. "काय नाय, पित्त हाय," असं तो शेवटच्या दिवशीही म्हणाला होता. तिला काळजी नको म्हणून. त्यानंतर कुणाच्या भल्यासाठीचं खोटं तिला सगळ्यात वाईट वाटायचं.

बाळी उठून उभी राहिली. "तुझं शील मोठं, का माझा नातू?"

"बाळे—"

"नको. र्‍हाऊं दे."

तिने मोळी पुन्हा बांधली, एकटीनेच डोक्यावर घेतली आणि चहा न घेता गेली. गाठोडं मात्र तसबिरीखालीच राहिलं.

पुढचे दोन आठवडे बाळी उतरली नाही. लाकूड घेऊन तिची जाऊ यायची आणि रस्त्याच्या पलीकडून निघून जायची. गीताबाई ओटीवर शिवत बसायची, आणि गोधडीचं दुसरं टोक रिकामं पडलेलं असायचं.

तीस वर्षांची मैत्री होती. दोघी नव्या नवऱ्या असताना एका खोताच्या शेतात भाताच्या आवणीला होत्या. दुपारी बाळीला तहान लागली. हांडा गीताबाईचा होता, म्हणून बाकीच्या बाया गप्प बसून राहिल्या. गीताबाई वरून धार धरायला लागली, तर बाळीने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, तोंडाला लावला आणि गटागटा प्याली. त्यावरून सासूने तिला आठ दिवस चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. पण बाळीने ही गोष्ट स्वतःहून कधी कुणाला सांगितली नाही. गीताबाईलाही ती दुसऱ्यांकडूनच कळली होती.

गोधडी झाली. वरच्या बाजूला शिंप्याकडचे नवे तुकडे, लाल-निळे. मधल्या थरांत पोलकी आणि दोन साड्या. खाली, पोराच्या अंगाला लागेल त्या बाजूला, सगळी पिवळी साडी. चारही कोपऱ्यांना तिने दुहेरी टाका घातला. गीताबाईची गोधडी फाटेल पण कोपरा उसवणार नाही, असं तालुक्यातल्या बाया म्हणायच्या. तिला ते ऐकायला आवडायचं आणि आवडतं याची थोडी लाजही वाटायची.

"आई, मी येते संगं," पौर्णिमा म्हणाली.

"नको. दोघी गेलो तं जास्ती विचारतील."

मुरबाडपर्यंत एसटी, तिथून शहापूर, तिथून कसाऱ्याकडची जीप. उंबरमाळीच्या फाट्यावर उतरून ती गुराख्याला विचारत विचारत पाड्यात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत तिने काय बोलायचं ते दहादा ठरवलं. विचारलं नाही तर सांगायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं, आणि गोधडी परत घेऊन यायची. बाळीला तोंड कसं दाखवायचं, ते तिला ठरवता आलं नव्हतं.

लखमा अंगणात बांबूच्या कांबी काढत होता. त्याची बायको धोंडीबाई पोराला मांडीवर पालथं घालून तेल चोळत होती. पोर सावळं, भरलेलं. मान वर उचलून या नव्या बाईकडे बघायला लागलं. मीनाचंच कपाळ. गीताबाईला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

"मी गीताबाई, टोकावड्याकडची," ती म्हणाली. "गोधड्या शिवते. बाळाला एक आनलीय."

"टोकावड्याकडची," लखमा कोयता न थांबवता म्हणाला.

धोंडीबाईने पाट सरकवला, पाणी आणून दिलं. मग तिने गोधडी घेतली, उलगडली, उलटी केली. पिवळ्या बाजूवरून तिचा हात फिरत गेला आणि एका जागी थांबला. तिथे जुना रफू होता. जाड दोऱ्याचा, घाईघाईने घातलेला. गीताबाईने कापताना तो पाहिला होता. मीनाने केला असेल असं तिला वाटलं होतं. धोंडीबाईचा अंगठा त्या रफूवर टाका टाका मोजल्यासारखा फिरला, आणि आपला टाका कुणी ओळखावा तसा ओळखून थांबला.

लखमाने कोयता खाली ठेवला.

"कापड कोनाचं लावलंय?"

खरं सांगायला गीताबाईने तोंड उघडलं. पोराने गोधडीचा काठ मुठीत धरून तोंडात घातला होता.

"नवं हाय," धोंडीबाई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "बाजारचं. खळीचा वास येतोय अजून."

"मला नाय येत."

"तुमाला कुठला येतोय? बिड्या वढून नाकाचं चुलाण झालंय."

लखमा त्या गोधडीकडे बघत राहिला. मग त्याने कोयता उचलला. धोंडीबाईने पोराला उताणं केलं, पिवळी बाजू आत घेऊन गुंडाळलं आणि छातीशी धरलं. तिची हनुवटी पोराच्या टाळूवर टेकली होती, त्यामुळे तिचा चेहरा गीताबाईला दिसला नाही.

"नाव काय ठेवलं?" गीताबाईने विचारलं.

"चांगो. पणज्याचं."

भाकरी आणि वालाचं कालवण झालं. नको नको म्हणत गीताबाई जेवली. धोंडीबाई तिच्याशी भातावर बोलली, सरकारी नळावर बोलली, भगीरथवर बोलली. भगीरथ म्हणजे तिचा लेक, मीनाचा नवरा. तो आता भिवंडीला गोदामात कामाला होता आणि महिन्यातून एकदा यायचा. मीनाचं नाव निघालं नाही. गीताबाईला वाटलं, झालं. खोटं आपल्या तोंडून गेलं नाही आणि गोधडी पोराच्या अंगावर आहे. यापेक्षा चांगलं काय व्हायचं होतं? ती पिशवी घेऊन उठली.

"थांबा बाय," धोंडीबाई एकदम मोठ्याने म्हणाली, लखमाला ऐकू जाईल अशी. "हा कोपरा उसवलाय बघा."

गीताबाई वळली. गोधडीचा एक कोपरा धोंडीबाईने मुठीत गच्च आवळून धरला होता. त्याच्यातलं काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. तो दुहेरी टाका गीताबाईने दोनच दिवसांपूर्वी दाताने दोरा तोडून संपवला होता.

"पोराचं बोट अडकंल त्यात," धोंडीबाई म्हणाली. तिचे डोळे गीताबाईवर रोखलेले होते आणि त्यांत पाणी होतं. "कोनीतरी येऊन नीट करायला पायजे. तुमच्या तिकडं शिवनारी दुसरी कोन हाय का?"

लखमाही बघत होता. "एवढ्या लांबून आनली आणि कोपरा उसवलेला?"

मग गीताबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हां. उसवलाय," ती म्हणाली. "माझ्याच हातनं र्‍हायला. डोळं आता साथ देत नाय." तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "हाय एक शिवनारी. माझ्यापरीस तिचा हात बरा. तिला धाडते."

लखमाने कांब उन्हात धरून सरळ आहे का पाहिली. फार वेळ पाहिली.

"सकाळचं यायला सांगा," तो शेवटी म्हणाला. "उजेडात टाका नीट पडतो." आणि पाठ करून तो पुन्हा कामाला लागला.

परत येताना जीपमध्ये गीताबाई खिडकीशी बसली. केरूची आठवण आली. पित्त म्हणताना तो कसा हसायचा, ते आठवलं. या वेळी तिला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच डोंगर चढली. गुडघा दुखत होता, तीन ठिकाणी बसावं लागलं. बाळी अंगणात नाचणी पाखडत होती. गीताबाईला पाहून तिने सूप खाली ठेवलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"चांगो नाव ठेवलंय," गीताबाई धापा टाकत म्हणाली. "दात येतायत खाली. गोधडी चघळत होता."

पदर तोंडाशी नेऊन बाळीने ते नाव दोनदा पुटपुटलं. जरा वेळाने विचारलं, "कापडाचं इचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"मग काय. कोपरा उसवलाय म्हनले. तुला बोलावलंय शिवायला. सकाळची जा."

बाळीने पदर खाली केला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. तीस वर्षं ती त्या कोपऱ्यांचं दुसरं टोक धरून बसली होती.

"तुझा कोपरा?" ती म्हणाली. "तुझा उसवला?"

"हां," गीताबाई म्हणाली. "पानी दे आधी. घसा सुकलाय."