साडेसहाचं उत्तर

“आलो गं. पेपर कुठाय?”

दारातून यांचा आवाज आला आणि चार दिवस राहायला आलेल्या माझ्या लेकीच्या हातून कप निसटला. मी भाजी ढवळत होते. मान न वळवता म्हटलं, “डोळे फुटलेत का? समोरच तर पडलाय.”

बाहेर बूट काढल्याचा आवाज झाला. आधी डावा, मग उजवा. मग नळ सुटला.

“आई,” लेक म्हणाली, “बाबांना जाऊन चार वर्षं झाली.”

“माहीत आहे मला. उशाशी मी बसले होते, तू नव्हतीस. कप उचल आधी.”

आवाज काढणारा माझा मुलगा. बेचाळीस वर्षांचा. डॉक्टरांनी त्याच्या असण्याला लांबलचक नाव दिलं होतं, मी ते तिथेच ठेवून आले. आजार नाही, घडणच तशी आहे, एवढं मात्र त्यांनी धड सांगितलं. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं पुरतं. पाण्याचे मीटर तपासायच्या कारखान्यात तो कामाला आहे. वीस मीटर ओळीने लावायचे, पाणी सोडायचं, काटे बघायचे. वीस वर्षांत त्याचा एक मीटर परत आला नाही. फोरमन एकदा मला म्हणाले, “मावशी, काम सोन्यासारखं आहे त्याचं. पण परवा माझ्याच आवाजात मलाच झापलं. मी सॉरी म्हणालो, मग कळलं.”

दिवसभर कानात साठलेलं त्याला कुठेतरी सांडावं लागतं. नाही सांडलं तर कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन कपाळ टेकतो आणि हुं हुं करत राहतो. अन्न नाही, पाणी नाही.

हे गेले तेव्हा तो चार दिवस त्या फटीत होता. पाचव्या संध्याकाळी साडेसहाला मी चहा टाकत होते. मागून हे म्हणाले, “आलो गं. पेपर कुठाय?” खाकरणं तेच, ‘गं’वरचा थकवाही तोच. जीभ माझीच ना, तिला कुठे कळतं कोण मेलं ते. तीस वर्षांचं उत्तर आपोआप बाहेर पडलं. मागे वळले तर मुलगा उभा. खांदे खाली आलेले, चेहरा धुतल्यासारखा. म्हणाला, “आई, भूक लागली.”

तेव्हापासून रोज. रोज साडेसहाला मेलेला नवरा दारात येतो आणि मी त्याला डोळे फुटलेत का विचारते.

“आणि तू गेल्यावर?” लेकीने विचारलं. “कोण देणार उत्तर?”

“तू शीक.”

दुसऱ्या दिवशी तिने करून पाहिलं. पदर खोचून, माझ्या जागी उभी राहून म्हणाली. मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही. “नाही,” म्हणाला आणि बूट न काढता दारातच थांबला. आतून मला म्हणावं लागलं. लेक डोळे पुसत म्हणाली, “तुझ्यासारखं लागट बोलायला जन्म जाईल माझा.”

“तुझ्या नवऱ्याला विचार. तो म्हणेल, झालंय शिकून.”

ती हसली, पण परत गेली ती प्रश्न माझ्या उरावर ठेवून.

त्यात कपाट आवरताना मला यांचा एक कागद मिळाला. डोळ्यांच्या दवाखान्याचा. अक्षरं लावत लावत वाचला. शेवटची दोन वर्षं यांचा उजवा डोळा पार गेलेला होता, डावाही जात चालला होता. मला बोलले नाहीत. पेपर समोर पडलेला असायचा आणि यांना खरंच दिसत नसायचा.

त्या संध्याकाळी आवाज आला, “आलो गं. पेपर कुठाय?” म्हटलं, “बसा तुम्ही. मी आणून देते.”

बूट काढल्याचा आवाज झाला नाही. मग तेच पुन्हा. “आलो गं. पेपर कुठाय?” मी पेपर घेऊन बाहेर गेले. मुलगा माझ्यापलीकडे बघत होता. अकरा वेळा बोलला. यांचा आवाज दर वेळी तसाच, थकलेला, धीराचा. बाराव्या वेळी फक्त ओठ हलले. मग तो फटीत गेला.

दोन दिवस कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या फटीसमोर जमिनीवर बसले आणि मेलेल्या माणसाला, आंधळ्या माणसाला, घसा खरडून म्हणाले, “डोळे फुटलेत का? समोरच तर पडलाय.”

हुं हुं थांबलं. आतून त्याचा स्वतःचा आवाज आला. “आई, तिथे रागावायचं असतं.”

“हो रे बाबा. चुकले.”

मी उभ्या जन्मात कुणाला चुकले म्हटलं नव्हतं. ऐकायला हे हवे होते.

परवा गुडघा दाखवायला गेले आणि दवाखान्यातच साडेसहा वाजून गेले. तसाच पाय ओढत जिना चढले. एकेका पायरीला वाटत होतं, आता हुं हुं ऐकू येणार. दारापाशी पोचले तोच आत हे म्हणाले, “आलो गं. पेपर कुठाय?”

मी तोंड उघडलं.

आतून मी म्हणाले, “डोळे फुटलेत का? समोरच तर पडलाय.”

माझाच आवाज. धाप नाही, कंप नाही, चाळिशीतला खणखणीत. त्या घरात मीही होते, हेही होते, आणि दाराला बाहेरून हात लावून मी उभी होते.

समोरच्या बिऱ्हाडातली बाई कचरा टाकायला बाहेर आली. माझ्याकडे बघून दचकली. “आजी, तुम्ही इथे? मग आत कोण बोललं?”

“मीच,” म्हटलं. “जा, तुझं दूध उतू जातंय.”

बेल वाजवली नाही. मी नसल्यावरचं ऐकत पायरीवर बसले. आत आधी डावा बूट पडला, मग उजवा. नळ सुटला, बंद झाला. मग फडताळ उघडलं आणि ओट्यावर ताट ठेवल्याचा आवाज आला. एकच ताट.