मामाचा नवा कोट

नाव:
रिकामं. सोमवारी मॅनेजरने मापाची चिठ्ठी दिली तेव्हा मी विचारलं, "कुणाचा कोट?"
"मामाचा. आणखी कुणाचा असणार? आणि बाहेर बोलायचं नाही."
जाताना दार ओढून घेतलं. माझ्या शिवणखोलीचं दार कधी कुणी लावत नाही.

मामा म्हणजे आमच्या मालिकेतला. भाचरांना यानात कोंबून ग्रह दाखवत फिरणारा. सोळा वर्षं ते काम माझा सख्खा दादा करतोय, आणि त्याचे कोट मी शिवतेय. मला इथे चिकटवलं त्यानेच.

उंची:
तीच. संशय घ्यायला जागा नव्हती. मी तरी घेतला.

छाती: अडतीस.
दादाची बेचाळीस. पण त्याला बारीक व्हायला सांगितलंय. तीन महिने उकडलेल्या भाज्या खातोय, बिस्किट पुढे केलं तर तोंड फिरवतो. म्हणजे असेलही. नसेलही.

बाही: चोवीस, चोवीस.
डावी-उजवी सारखीच. तिसऱ्या वर्षी यानाच्या शिडीवरून पडून दादाचा डावा हात मोडला. जुळला, पण अर्धा इंच आखूड. भाज्या खाऊन छाती उतरते, हात लांब होत नाही.

(हे चिठ्ठीत नाही) कॅन्टीन:
लेखक समोरून आला आणि मला बघून वळला. मी हाक मारली.
"काय हो, पुढच्या भागात मामा कुठे?"
"हवापालटाला."
"परत येतो ना?"
"येतो की! पण ताई, हवा बदलली की माणसाच्या तोंडावर फरक पडतोच."
हसला. एकटाच.

(हेही नाही) बुधवार, दुपार:
दादा न सांगता आला. कोट पुतळ्यावर होता. काढला, अंगात चढवला. बटणं लागली. श्वास रोखून, पण लागली.
"बघ! आणि तू दोन दिवस माझ्याकडे चोरासारखी बघतेयस. मला वाटलं, दुसरा कुणी आणला की काय."
मी टाचण्या गोळा करत राहिले.
"अगं, ही डावी बाही बघ. बरोबर मनगटावर. दुनियेत अशी बाही दुसऱ्या कुणाला लागते, शिंपीणबाई?"

चोवीसच कापायची होती. चिठ्ठी समोर ठेवून कापली. पण इतक्या वर्षांत डोक्याला विचारायची सवय हातांना राहिलेली नाही. त्यांनी साडेतेवीस कापली.

गप्प बसले असते तर तो शीळ घालत घरी गेला असता. आणि शुक्रवारी सेटवर, सगळ्यांच्या देखत, त्याला कळलं असतं.

"ती माझी चूक आहे, दादा."
चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. दोन्ही बाह्यांवर बोट ठेवून पुन्हा वाचली.
"कधी आली ही?"
"सोमवारी."
तो बटणं काढायला लागला. वरून खाली, सावकाश, कापडाला ताण न देता.
"काल तू आमच्याकडे जेवायला होतीस."
"होते."
"तुझ्या वहिनीने मला अर्धी वाटी वाढली. तू म्हणालीस, अजून थोडं कमी कर."
"म्हणाले."