गुडघ्याचं माप

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट अवघ्या चार इंचांची आहे. पण ते चार इंच दिसायला एका भल्या माणसाला चौतीस वर्षं लागली.

मिस्त्रींनी नव्या खुर्चीच्या चौथ्या पायावर शेवटचा रंधा फिरवला, खुर्ची उभी केली, गदागदा हलवून पाहिली आणि समाधान न होऊन पुन्हा हलवली. सकाळपासून असंच चाललं होतं. पलंगाखाली ठोकळे बसले, संडासाच्या भिंतीला धरायचा दांडा लागला, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी मिस्त्रींचा पाय एका जागी ठरेना.

उद्या बायको दवाखान्यातून सुटणार होती. खुब्याचा सांधा बदललेला. आज चार वाजता फिजिओबाई घर बघायला येणार होत्या, आणि त्यांनी घर नापास केलं तर आई तीन महिने माझ्याकडे, असं लेकीने डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं होतं.

"लोक काय म्हणतील? मिस्त्रीच्या घरात मिस्त्रीच्या बायकोला बसायला धड खुर्ची नाही!"

"लोकांचं राहू द्या, बाबा. आई इथेच हवीय असं सरळ म्हणा ना."

मिस्त्रींनी खुर्चीवरची नसलेली धूळ फुंकली.

"बसून बघ."

लेक बसली. तिचे पाय अधांतरी लोंबू लागले. एक चप्पल गळून पडली.

"पाळण्यात बसवलंत की मला."

"चेष्टा पुरे. बाईंच्या कागदात लिहिलंय, बैठक गुडघ्याच्या दोन इंच वर हवी. बरोब्बर तेवढीच आहे."

"कुणाच्या गुडघ्याच्या?"

मिस्त्रींनी खाली आपल्याच गुडघ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक समोर नसेल तर आपल्याच अंगाचं माप धरावं, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. हात आपोआप तसाच चालला होता. मिस्त्री ताडमाड, आणि बायको तर लेकीहूनही दोन बोटं ठेंगणी.

"पाय टेकले नाहीत तर उठताना घसरेल ती," लेक म्हणाली. आता ती हसत नव्हती. "आईचं माप किती?"

मिस्त्रींनी घरभर नजर फिरवली, जणू कुठल्यातरी भिंतीवर ते लिहिलेलं असावं. कपाट, फळ्या, दारं, गॅसचं टेबल, सगळं त्यांच्याच हातचं. दीड वाजून गेला होता. ते बाहेरच्या खोलीतून आत गेले, आतून बाहेर आले, टेप उघडला, मिटला.

लेक स्वयंपाकघरातली जमीन मोकळी करायला लागली. तिने गॅसच्या उंच टेबलाखालून एक फळी ओढून काढली.

"ही माझी फळी इथे कशी आली?" मिस्त्री करवादले. "कुणी टाकली?"

"टाकलेली नाही. आई हिच्यावर उभी राहून स्वयंपाक करते."

फळीवर दोन पावलं उमटली होती. चवड्यांपाशी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. टाचांच्या जागी मात्र अजून रंध्याचे चरे जसेच्या तसे.

"कधीपासून?"

"मला आठवतंय तेव्हापासून."

मिस्त्रींचं ताट रोज बाहेरच्या खोलीत यायचं. त्यांनी फळी भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली, दुसऱ्या भिंतीला टेकवली. मग फोन लावला.

"अगं, तुझा गुडघा जमिनीपासून किती?"

"सोळा इंच. कालच बाईंनी मोजला. का हो?"

"गॅसचं टेबल उंच होतं, तर एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस?"

पलीकडे कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली.

"माप गिऱ्हाइकाचं घेतात," ती म्हणाली. "मी का गिऱ्हाईक?" आणि हसली. "जेवलात का?"

"जेवतो," म्हणून मिस्त्रींनी फोन ठेवला. जेवले मात्र नाहीत. खुर्चीचे पाय चार इंच कापले. ठोकळे चार इंच उतरवले. भुसा नाकातोंडात गेला, तरी करवत थांबली नाही.

चार वाजता फिजिओबाई आल्या. त्यांनी खुर्ची मोजली, पलंग मोजला, दांड्याला लोंबकळून पाहिलं आणि कागदावर सही ठोकली.

"आईंना उद्या खुशाल इथे आणा."

"घ्या, जिंकलात!" बाईंची पाठ वळताच लेक म्हणाली. "आता तरी दोन घास खा."

मिस्त्री खाली बसले आणि बसल्या जागी उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅसची शेगडी उतरवली, टेबल उलटं केलं आणि चारही पायांवर पेन्सिलीने रेघा मारल्या.

"बाबा, हे आजच कशाला? सहा आठवडे तिने गॅसपाशी उभं राहायचं नाहीये. तोवर तुम्हालाच रांधायचंय. एवढ्या बुटक्या टेबलावर कंबर मोडेल तुमची!"

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली.

"ती कड धर," ते म्हणाले. "हलू देऊ नकोस."

आणि करवत चालू झाली.

तर बाबांनो, एवढं करा. आज घरी पानावर बसाल तेव्हा पहिला घास उचलण्याआधी आतल्या खोलीत जी कुणी टाचा उचलून उभी असेल, तिची आठवण काढा.