हरणाचा वाटा

आपलं माहेर जगावेगळं आहे असं प्रत्येक बाईला वाटतं, आणि निम्म्याहून अधिक बायकांच्या बाबतीत ते खोटं असतं. गिरजाबाईच्या बाबतीत मात्र ते खरं होतं. चाकणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत करंजवाडी नावाचं तिचं गाव. तिथं शिमग्याला पारध निघायची. सगळे बाप्ये काठ्या आणि कुत्री घेऊन माळावर जायचे, खिंडीच्या तोंडाशी वाघर, म्हणजे जाड दोरांची जाळी लावायचे आणि हाकारे घालत जनावर त्या जाळीकडे लोटायचे. शिकारीचे वाटे पडायचे. एक देवाचा, एक कुत्र्यांचा, एक ज्या घरात कर्ता पुरुष उरला नाही त्या घराचा. आणि एक वाटा सासरी गेलेल्या बहिणीचा.

हा वाटा पळसाच्या पानांत बांधून भावानं स्वतः बहिणीच्या दारात न्यायचा. बहिणीनं पदरात घेऊन 'पोचला' एवढंच म्हणायचं. ते एकदा म्हटलं की वर्षभर माहेर शाबूत.

गिरजाबाईचा नवरा जयसिंग पिंपरीत कंपनीत कामाला, घर थेरगावात. तिचा थोरला भाऊ खंडू दर शिमग्याला पुडकं डोक्यावर घेऊन चाकण, मोशी, भोसरी करत पायी यायचा. एसटी होती, पण वाटा एसटीनं नेत नाहीत, असं त्याचं म्हणणं. अंगणात पाय धुताना धुळीचा नुसता चिखल व्हायचा. गिरजाबाई 'पोचला' म्हणायची, चुलीवर पातेलं चढायचं आणि खंडू भिंतीला टेकून पारधीची गोष्ट सांगायचा. कुठल्या बाजूनं कळप उठला, नर कसा वाघरीवरून उडाला, कुणाचं कुत्रं ऐन वेळी शेपूट घालून बसलं. गोष्ट दर वर्षी तीच असायची आणि दर वर्षी गिरजाबाई ती नव्यानं ऐकायची. खरं सांगायचं तर मटणाचं कौतुक जयसिंगला. तिला त्या धुळीच्या पायांचं होतं.

मग कोयनेचा भूकंप झाला तो हिवाळा आला. थेरगावातसुद्धा फळीवरची भांडी खाली आली. त्याच वर्षी भादव्यात गिरजाबाईची आई गेली होती. आई गेल्यावर माहेर किती दिवस टिकतं, याची चर्चा बायका नळावर करतात तशी तिच्याही कानावर पडत होती. ती मनात म्हणायची, ज्याचं तुटत असेल त्याचं तुटो, माझा दादा आहे.

शिमगा आला. तिनं मसाला वाटून ठेवला. खंडू आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. रंगपंचमीही कोरडीच गेली. करंजवाडीचीच दुर्गाबाई चिंचवडला दिली होती, ती गिरणीत दळायला आलेली भेटली. गिरजाबाईनं आढेवेढे घेत विचारलं, "औंदा पारध झाली न्हाई का गं?"

"झाली की! आमचा वाटा पोचला परवाच," दुर्गाबाई म्हणाली आणि पिठाचा डबा कमरेला लावून चालती झाली.

गिरजाबाई दळण तिथंच विसरून घरी आली.

म्हणजे पारध झाली होती. वाटे पडले होते. सगळ्यांच्या बहिणींना पोचले होते आणि फक्त तिचा वगळला होता. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती जयसिंगला काही बोलली नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

दिवाळीला भाऊबीजेसाठी तिला न्यायला आला तो चुलतभाऊ ज्योतीराम. हा ज्योतीराम म्हणजे सांगितलेलं निम्मं बोलणारा आणि निम्मं वाटेत सांडून येणारा गडी. "दादाला येता येत न्हाई," एवढंच तो बोलला.

"का? पाय मोडले का त्याचे?"

"न्हाई. पाय बरं हायत."

"मंग सांग त्याला. बहिणीला न्यायला पाय न्हाईत, तर बहिणीलाबी यायला पाय न्हाईत."

ज्योतीरामनं हा निरोप मात्र एक अक्षर न सांडता पोचवला. तेव्हापासून सगळं थांबलं. लग्नकार्यात वहिनी, भिमाबाई, भेटायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि काही सांगू लागली की गिरजाबाई तोंड फिरवायची. खंडू कुठंच यायचा नाही. कंपन्या वाढल्या, थेरगावात चाळी उठल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. जयसिंग शिफ्टला जाताना कधी विषय काढायचा, तर ती म्हणायची, "कसलं माहेर? मला न्हाई माहेर." आणि दर शिमग्याला गुपचूप मसाला वाटायची. कुणी विचारलंच, तर म्हणायची अंड्यांचं कालवण करायचंय.

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं रुसणं सोपं नाही, त्यालाही माया लागते.

मग कस्तुराचं, तिच्या लेकीचं लग्न ठरलं. मांडव दारातच पडणार होता. अंतरपाट धरल्यावर नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. जयसिंग म्हणाला, "ज्योतीरामला उभा करू. चुलत का होईना, मामाच."

कस्तुरा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माझा मामा पाहिजे. धुळीच्या पायांचा."

तेवढं तिला आठवत होतं. पोरगी जेमतेम सहा वर्षांची असेल तेव्हा. गिरजाबाईला हुंदका आला आणि तिनं तो चुलीच्या धुराच्या नावावर खपवला. दुसऱ्या दिवशी अक्षतांची पुडी पदराला बांधून तिनं चाकणची गाडी धरली. चाकणपासून पुढं ती चालतच निघाली. चालताना तिनं मनात भांडणाची उजळणी केली. काय काय बोलायचं, कुठं थांबायचं, कुठं रडायचं नाही.

खंडू अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे, गालफडं बसलेली. तिला बघून तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. डोळे बारीक करून बघत राहिला आणि आवाजावरून ओळखावं तसं, ती खाकरल्यावर म्हणाला, "गिरजे? उन्हाची आलीस. जेवलीस का?"

उजळणी केलेलं सगळं भांडण त्या एका प्रश्नानं वाहून गेलं. ती अंगणातच बसली आणि ढसाढसा रडली. भिमाबाईनं तांब्या आणला, तीही रडली. खंडू दोर हातात धरून मधेच उभा.

"वाटा का दिला न्हाईस रं दादा?" गिरजाबाई शेवटी म्हणाली. "समद्यांच्या बहिणींना दिला. मीच कशी नको झाले?"

"समद्यांना सशाचा दिला," खंडू म्हणाला. "आपल्या घराला ससा चालत न्हाई. वाघरीची पहिली मेख आपण ठोकतो. आपल्या बहिणीला हरणाचाच वाटा लागतो, न्हाई तर न्हाई. मेख ठोकताना भैरोबापुढं बाप्ये शपथ घेत्यात. वाटा दिल्याबिगर बहिणीचा उंबरा चढणार न्हाई. तुमा बायकांना ते सांगायची रीत न्हाई."

"आनि हरण?"

"हरणं कुठं व्हती, गिरजे?"

मग त्यानं सांगितलं. त्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की सकाळी कडब्यावरचं दव काचेसारखं वाजायचं. माळावरचं गवत करपून गेलं. हरणांना खायला काही राहिलं नाही. भुकेनं आणि गारठ्यानं ती गावाकडं उतरली, रात्री गोठ्यांच्या आडोशाला येऊन उभी राहू लागली. कुत्र्यांनासुद्धा भीत नव्हती, इतकी गळाली होती.

"लोक म्हनले, हाकला. मी म्हनलो, ऱ्हाऊ द्या. म्या सोता गोठ्याच्या मागं कडबा टाकला त्यांना. दया आली, आनि खोटं कशाला बोलू, हावबी सुटली. म्हनलं, जगतील तर शिमग्याला आयती गावतील. त्या साली नवा बैल घेतला व्हता, त्याला तवाच बुळकांडी झाली व्हती, गुरांची साथ ती. डोळं गळत व्हतं, हागवण लागली व्हती. त्याच गव्हाणीतला उरला कडबा मी बाहेर फेकायचो. गुरं आनि हरणं समदी एकाच डोहावर पाणी प्यायची."

बैल गेला. गावातली आणखी गुरं गेली. आणि मग माळावर हरणं पडू लागली. अंगात थंडीशी झगडायचंच बळ नव्हतं, तिथं रोगाशी कुठून झगडतील? गिधाडं इतकी उतरली की दुपारी माळ काळा दिसायचा. शिमग्याला वाघर लावली, हाकारे घातले, कुत्री खिंडीपर्यंत धावली आणि जीभ बाहेर काढून परत आली. चार ससे मिळाले.

"माझ्या हातानं मेली ती," खंडू म्हणाला. "आता कुठल्या तोंडानं तुझ्या दारी येऊ? पुढं हरणं माळावर फिरकलीच न्हाईत, त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. मंग कायदा आला, पारधच बंद. जनावर आलं तरी मारता येत न्हाई."

"मला मटण पायजे व्हतं व्हय रं?" गिरजाबाई ओरडलीच. "मला तू पायजे व्हतास!"

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. तिनं पदराची गाठ सोडली, अक्षता पुढं केल्या, कस्तुराचं लग्न सांगितलं, पाठीशी उभं राहायचं सांगितलं. अक्षता त्यानं दोन्ही हातांत घेतल्या. पण मान हलली ती नकाराची. "शपथ हाय, गिरजे. पोरीच्या पाठीशी शपथ मोडल्याला मानूस उभा करतीस? तिच्या संसाराला लागंल ते."

बापाचाच स्वभाव. मोडेल पण वाकणार नाही, आणि मोडताना आवाजही करणार नाही. गिरजाबाई उठून आत गेली.

स्वयंपाकघरात भिमाबाई हळूच म्हणाली, "वन्सं, एक सांगू? रोज फाटंचं डोहावर जात्यात. म्हनत्यात, एक हरण परत आलंय. नर हाय, म्हनत्यात. गावात कुणालाबी दिसलं न्हाई. डोळं अधू झाल्यात त्यांचं, पर मान्य करतील तर शपथ."

दुसऱ्या दिवशी पहाटे खंडू निघाला तशी गिरजाबाई त्याच्या मागं निघाली. तोही नको म्हणाला नाही. उलट वाटेत तो खुलला. लहानपणी तिला खांद्यावर बसवून याच वाटेनं आणलं होतं, ती जागा दाखवू लागला. डोहाच्या अलीकडं करवंदीच्या जाळीआड दोघं बसली. पाणी आटत आलेलं. पलीकडच्या काठावर उजाडत होतं.

"त्यो बघ," खंडू कुजबुजला. त्याचा सगळा चेहरा उजळला होता. "उंबराच्या खाली. दिसला?"

गिरजाबाईनं पाहिलं. उंबराखाली एक तांबूस दगड होता. कमरेएवढा, एका अंगाला निमुळता. त्याच्यावर एक वाळकी फांदी वाकली होती. तिचे डोळे शाबूत होते. तो दगडच होता.

"रोज असाच हुबा ऱ्हातो," खंडू म्हणाला. "मला बघतो, पर पळत न्हाई. मला वाटतं, त्यानं माफ केलं आसंल."

गिरजाबाई दगडाकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "दादा, वाटा मारूनच द्यायचा आसं भैरोबानं सांगितलंय का?"

"म्हंजे?"

"जनावर तू राखलंस. बहिणीला आणून दावलंस. कायद्यानं मारता येत न्हाई, तर ह्योच माझा वाटा. मी पदर पसरते. मी पोचला म्हनले की पोचला, व्हय का न्हाई?"

शपथेचा असा विचार बारा वर्षांत खंडूनं केला नसावा. मग म्हणाला, "पर तुला खरंच दिसला का? न दिसता म्हनू नगंस. खोटा वाटा चालत न्हाई."

गिरजाबाई जन्मात फारसं खोटं बोलली नव्हती. अंड्यांच्या कालवणाचं तेवढं. तिनं दगडाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, पदर पसरला.

"दिसला की. केवढा देखणा हाय! आत्ता बघ, कान हलवला त्यानं. पोचला, दादा. वाटा पोचला."

खंडू वळून तिच्याकडं बघू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"हलवला व्हय?" तो म्हणाला. "कान हलवला? इतकी वर्सं येतुया मी, गिरजे. मला कधीच हललेला दिसला न्हाई."

मग तो उठला, धोतर झटकलं आणि कस्तुराला मेंदी कधी लावणार, मांडवाला आंब्याचे डहाळे कुठून आणणार, असं विचारत पुढं चालू लागला. थेरगावला पायीच येणार होता, तेही त्यानं सांगून टाकलं. गिरजाबाई 'व्हय, व्हय' करत मागून निघाली. वळणावर ती थांबली आणि तिनं एकदा मागं पाहिलं. ऊन आता उंबराखाली पोचलं होतं. दगड होता तिथंच होता. तरी ती जराशी थांबली. एकदा तरी हलावा, असं तिला फार वाटलं.