सोडायची राहिलेली जागा

मी ड्रायव्हर लिहिते असं पहिल्यांदा घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती, "गाडी चालवतेस ते ठीक, त्यात लिहायचं काय?" यंत्रातल्या कार्डाचं आणि संगणकाचं बोलणं जुळवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, हे तिला समजावता समजावता मीच थकले. घरात ते एकट्या वहिनीला कळलं, कारण तिची रोजची भाकरीच यंत्रावर होती.

वहिनी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि तिथल्या मोठ्या यंत्रात आमच्याच कंपनीचं कार्ड आहे. चार महिने ते यंत्र सकाळी अधूनमधून हटून बसायचं. पहिल्यांदा बटण दाबलं की 'तयार नाही' म्हणायचं, दुसऱ्यांदा दाबलं की 'जागा आधीच राखीव आहे'. मग सगळं बंद करून पुन्हा जुळवणी करण्यात पाऊण तास जायचा, आणि उपाशीपोटी आलेले लोक बाकावर ताटकळायचे. हे सगळं फक्त वहिनीच्याच पाळीत. प्रमुखबाईंनी तिला सुनावलं होतं की सोमवारी पुन्हा असं झालं, तर तिला यंत्रावरून हलवून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवतील. अठरा वर्षं यंत्रावर काढलेल्या बाईला चिठ्ठ्या!

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिने हे सगळं सांगितलं आणि यंत्राचा क्रमांक माझ्यापुढे सरकवला. तो क्रमांक माझ्या ओळखीचा होता. तीन महिन्यांपूर्वी याच क्रमांकाची तक्रार माझ्या टेबलावर आली होती. मी कार्ड शंभर वेळा चालू-बंद करून पाहिलं, एकदाही अडलं नाही. मग मी ऐटीत उत्तर लिहिलं होतं, "ड्रायव्हरमध्ये दोष नाही. यंत्र हाताळणाऱ्या व्यक्तीची चूक होत असावी." खाली माझी लांबलचक सही. ती व्यक्ती म्हणजे आमची वहिनी, हे मला त्या शुक्रवारी कळलं. पत्राबद्दल मात्र मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"ही वही ठेव," वहिनी म्हणाली. प्रत्येक दिवसाची तारीख, वेळ, खोलीचं तापमान आणि यंत्राने दिलेला संदेश तिने रेखीव अक्षरात लिहून ठेवला होता.

"एवढं सगळं कशाला लिहीत बसतेस?" मी उगाचच खेकसले. माझं चुकलं की मी समोरच्यावर खेकसते, ही माझी जुनी खोड.

"उद्या कोणी मला खोटं पाडू नये म्हणून," ती म्हणाली.

शनिवारी मी वही घेऊन बसले. एकूण अकरा वेळा यंत्र अडलं होतं, आणि त्यातले नऊ सोमवार, उरलेले दोन सुट्टीनंतरचे दिवस. रविवारी प्रयोगशाळा बंद असते. सोमवारी कुलूप उघडते वहिनी, आणि यंत्र रविवारभर बंद राहून गार पडलेलं असतं. दुपारच्या पाळीला ते तापलेलं यंत्र आयतं मिळतं. माझ्या टेबलावरचं कार्ड तर कधी गार व्हायचंच नाही.

आता चूक कुठे शोधायची ते कळलं, आणि दहा मिनिटांत ती सापडली. संगणकाच्या मेमरीत कार्डासाठी एक ठराविक पट्टा असतो. ड्रायव्हर आधी तो स्वतःच्या नावावर राखून घेतो, दुसऱ्या कोणी त्यात हात घालू नये म्हणून, आणि मग कार्डाला विचारतो, तयार आहेस का? कार्ड गार असलं की नाही म्हणतं. तिथून माझा ड्रायव्हर पट्टा न सोडताच चालता व्हायचा. पुढच्या वेळी आला की जागा राखीव, आणि राखलेली कोणी, तर त्यानेच! खुर्चीवर पिशवी ठेवून घरी जायचं आणि परत आल्यावर कोणाची पिशवी म्हणून भांडायचं, तसला प्रकार. याच चुकीसाठी मी आजवर दोन जणांची सगळ्यांसमोर बिनपाण्याने केली आहे.

दुरुस्ती दोन ओळींची. नकार आला की आधी पट्टा सोड, मग परत फीर. माझ्या टेबलावर खोटा नकार देऊन पाहिला, जमलं. पण खरं गार यंत्र सोमवारशिवाय मिळणार नव्हतं.

सोमवारी सकाळी पावणेसातला मी वही वहिनीला परत केली आणि नवा ड्रायव्हर यंत्रात घातला. प्रमुखबाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. यंत्रं चालावीत म्हणून माझा जन्म गेला, आणि त्या दिवशी मी हे यंत्र पहिल्या खेपेला अडावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते; त्याशिवाय दुरुस्तीची परीक्षाच होणार नव्हती. वहिनीने बटण दाबलं. 'तयार नाही.' बाई "हं" म्हणाल्या. वहिनीने दोन मिनिटं थांबून पुन्हा दाबलं.

हिरवा दिवा लागला. आतून घरघर सुरू झाली आणि पहिली बाटली पुढे सरकली. मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले.

पिशवीतून मी आदल्या दिवशी लिहिलेलं पत्र काढून बाईंना दिलं. "दोष ड्रायव्हरमध्ये होता. हाताळणीत चूक नव्हती." त्यांनी ते दोनदा वाचलं, वहिनीला म्हणाल्या, "यंत्र तुमच्याकडेच," आणि निघून गेल्या.

"वहिनी, तुला एक सांगायचंय," मी सुरुवात केली. तिने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या कव्हराआडून घडी घातलेला कागद काढला. माझं जुनं पत्र. ऐटबाज सहीसकट.

"तुला माहीत होतं?"

"सही काय आज पहिल्यांदा बघते मी तुमची?"

"मग शुक्रवारी का नाही बोललीस?"

वहिनी रागावली की मला अहो-जाहो करते आणि 'वन्सं' म्हणते. आता रागावलेली दिसत नव्हती, तरी म्हणाली.

"बोलले असते तर तुम्ही पत्राचीच बाजू सांभाळत बसला असतात, वन्सं. मला यंत्र चालायला हवं होतं."

तिने वहीत वेळ लिहिली, सहा एकोणसाठ, आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला आत बोलावलं.