पुसलेलं पीठ

कुणी तुमच्याशी फार गोड बोलायला लागलं, तर तुम्ही त्याच्यावर लगेच विश्वास ठेवता का? मी नाही ठेवत.

मी एका मूकपटाची शेवटची पट्टी, पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली. पडद्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. पण गप्प बसणाऱ्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून आज बोलतेय.

बोलपट आले आणि आम्हा बहिणींना कुणी विचारेना. मग एक गोडबोल्या माणूस आला. "अहो, किती छान जपल्यात!" असं म्हणत त्यानं माझ्या सगळ्या बहिणी नेल्या आणि आमच्या अंगातल्या चांदीसाठी उकळून टाकल्या. त्या वेळी चित्रपटगृहात मशीन चालवणाऱ्या माणसानं मला सांधायला घरी नेलं होतं आणि परत न्यायचं विसरला होता, म्हणून मी वाचले. तेव्हापासून 'किती छान' कानावर पडलं की माझ्या अंगावर काटा येतो.

त्या मशीनवाल्याच्या माळ्यावर मी म्हातारी झाले. शेवटी त्याच्या सुनेनं डबा उघडला, नाक दाबलं आणि मला या प्रयोगशाळेत आणून सोडलं.

इथं जुन्या फिल्म दुरुस्त करणारी एक ताई आहे. पांढरे हातमोजे घालून तिनं मला उलगडलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान!"

संपलं! मी मनात म्हटलं, हीसुद्धा त्यातलीच.

तिनं आधी मला हुंगलं. मग माझ्या फाटक्या कडा सांधल्या आणि एकेक चित्र भिंगातून पाहिलं. एवढी माया कुणी फुकट करतं का? शेवटी तिनं मला यंत्रावरून फिरवून माझी नक्कल उतरवून घेतली. नक्कल स्वच्छ करायला संगणक होताच.

त्याच दिवशी प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "झालं ना काम? मग ही ब्याद कशाला? ही जुनी फिल्म दारूसारखी भडकते, एक ठिणगी पडली तर इमारत पेटेल. उद्या सकाळी गाडी येतेय, जाळायला देऊन टाका."

"बरं," ताई म्हणाली. नुसतं बरं! पाहिलंत?

संध्याकाळी दोघं नक्कल बघत बसले. माझ्या शेवटी एक प्रसंग आहे. पिठाच्या गिरणीवाल्याचा जावई कोट घालून ऐटीत निघतो. बायको निरोप देताना त्याच्या पाठीवर थाप मारते आणि पोट धरून हसते.

ताई खुर्चीत पुढे सरकली. "साहेब, ही हसते कशाला?"

"हसली असेल उगाच. तुम्ही नाही का हसत?"

"या नोकरीत? कधी पाहिलंत?"

तिनं मला डब्यातून काढलं, उजेडाच्या काचेवर पसरलं आणि साहेबांच्या हातात भिंग दिलं. माझ्यावर ते होतं. थाप पडताच कोटातून पिठाचा केवढा तरी ढग उठत होता! संगणकानं धूळ समजून तो सगळाच पुसला होता.

साहेब खो खो हसले. "बेट्याचा सगळा तोरा उतरवला की हिनं!"

"मघाशी मी उगाच बरं म्हटलं," ताई म्हणाली. "आणखी काय काय पुसलं गेलंय, ते हिला जाळल्यावर कुणाला विचारायचं?"

साहेबांचं हसू थांबलं. "विचार करतो," म्हणाले आणि घरी गेले.

विचार करतो म्हणणारेही मी खूप पाहिलेत. जाताना ताईनं माझं झाकण लावलं आणि डब्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस गं." हे ती मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे.

तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल तर एवढंच करा. तिची नक्कल खुशाल काढा, पण तेवढ्यावरून तिला निरोप देऊ नका. एखाद्या हसण्याचं कारण फक्त तिच्याजवळच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, आणि साहेबांनी ती रिकामी परत पाठवली.